वाणाला दिलेली कादंबरी

नव्वदच्या दशकात मी प्रेमकादंबऱ्या लिहीत होते. वर्षाला एक. राहुरी आणि बेलापूरच्या मधे कुठंतरी असलेल्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. नवरा कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट, मुलगी हायस्कुलात, आणि सासूबाई आमच्याकडे असायच्या. त्यांच्या मते आम्ही त्यांच्याकडे होतो.

लिहायला वेगळी खोली नव्हती. शिवणयंत्र आत मिटून फळी वर टाकली की टेबल तयार व्हायचं. कागद लॅबमधून यायचा. उसाच्या रसाचे आकडे भरायचे छापील तक्ते चुकले की रद्दीत जात. नवरा ते घरी आणायचा आणि मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. एका बाजूला नायिकेचा उसासा आणि दुसऱ्या बाजूला मळीचं तापमान. माझ्या पुण्याच्या प्रकाशकांकडचा कंपोझिटर एकदा म्हणाला होता म्हणे, या बाईंचं हस्तलिखित दोन्ही बाजूंनी वाचनीय असतं.

गळिताच्या हंगामात नवऱ्याची पाळी दर आठवड्याला बदलायची आणि तिच्यामागून माझं वेळापत्रक. दिवसपाळी असली की डबा गेल्यावर अकरापासून तीनपर्यंत घर माझं. रात्रपाळी असली की तो दिवसा आत झोपायचा, मग मी व्हरांड्यात. तिथं अडचण काजळीची. बॉयलरच्या चिमणीतून बारीक काळे कण उडायचे आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचे तसेच कागदावरही पडायचे. ते पुसायचे नसतात, फुंकायचे असतात. पुसलं की अख्खी ओळ काळी होते. कादंबरी कशी लिहावी याबद्दल मला जे पक्कं सांगता येईल ते एवढंच.

लिहिण्याची मला कधी अडचण आली नाही. अडचण आली ती नंतरच्या कामाची. माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्या छापून झाल्या की प्रकाशक त्या गावोगावच्या वाचनालयांना पाठवत आणि माझा त्यांच्याशी संबंध संपे. मग घरोघरी केबल आली. वाचनालयं चालवणाऱ्यांनी कादंबऱ्यांच्या फळ्या रिकाम्या करून तिथं व्हिडिओ कॅसेटी मांडल्या. चौथी कादंबरी आली तेव्हा प्रकाशक म्हणाले, "बाई, आता लेखकालाच फिरावं लागतं. चार ठिकाणी जा, बोला, लोकांना दिसा."

मी गेले. राहुरीच्या एका कॉलेजात स्नेहसंमेलनाला पाहुणी म्हणून तासभर बोलले आणि नारळ घेऊन परत आले. मुलांनी टाळ्या भरपूर वाजवल्या, कारण माझ्यानंतर नाच होते. मग शिर्डीला एका दुकानात प्रकाशकांकडून मागवलेल्या पाच प्रती ठेवायला दिल्या. महिन्याने विचारायला गेले तर पाचही जागच्या जागी होत्या, वर गुलालाचा थर होता. दुकानदार सज्जन माणूस. तो म्हणाला, "ताई, इथं येणारा माणूस पोथी नेतो, फोटो नेतो, पोरगं रडत असलं तर शिट्टी नेतो. प्रेमाचं पुस्तक घरून वाचून येतो." मी पाच प्रती पिशवीत टाकल्या, गुलाल झटकला आणि पुढची एस.टी. पकडली. घरी आल्यावर त्या मुलीच्या शाळेला देऊन टाकल्या.

त्याच हिवाळ्यात एस.टी.च्या पार्सलने दोन मोठे गठ्ठे आले. शंभर प्रती. सोबत प्रकाशकांची चिठ्ठी होती. गोदामात जागा नाही, तेव्हा या तुमच्याकडे असू द्या. तुमच्या पाचव्या कादंबरीचं हस्तलिखित माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. चौथी कोणी वाचतंय असं मार्चअखेरपर्यंत दिसलं तर पाचवी छापेन, नाहीतर हस्तलिखित साभार परत पाठवेन.

हे मला झोंबलं. पाचवीवर मी सव्वा वर्ष घालवलं होतं आणि ती आधीच्या चारांपेक्षा चांगली होती. लिहिणाऱ्याला हे कळतं. दुसरा प्रकाशक शोधायचा म्हणजे पुण्याला खेपा घालायच्या, आणि दहावीची मुलगी आणि गुडघेदुखीच्या सासूबाई घरात ठेवून त्या मला जमणार नव्हत्या. हे दार बंद झालं की माझं लिहिणं बंद, एवढं सरळ होतं.

गठ्ठे दिवाणाखाली सरकवताना मला कल्पना सुचली. संक्रांत पंधरा दिवसांवर होती. दरवर्षी हळदीकुंकवाला येणाऱ्या चाळीसेक बायकांना मी काहीतरी वाण द्यायचे. आदल्या वर्षी साबणाच्या डब्या दिल्या होत्या, त्याच्या आधी चहाची गाळणी. वसाहतीतल्या प्रत्येक घरात चार-पाच गाळण्या साठल्या होत्या, कारण सगळ्याजणी श्रीरामपूरच्या एकाच दुकानातून आणायच्या.

"यंदा वाणाला माझं पुस्तक देते," मी सासूबाईंना म्हटलं.

"पुस्तक? कोणी वाणाला पुस्तक देतं का?"

"मी देते."

"त्या घरी नेतील आणि त्याच्यावर कुकर ठेवतील."

"ठेवू देत. चाळीसातल्या चार वाचतील."

"आणि आतमध्ये ते जे काय लिहितेस ते," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "चीफ इंजिनिअरची बायको वाचणार?"

"फार काही नाहीये हो त्यात. हात धरतो, तोही पुलावर, वाहतुकीत."

"तेच म्हणते मी. पुलावर!"

मी गठ्ठा सोडला, चाळीस प्रती मोजून काढल्या, प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं बोट लावलं. एकही उघडून पाहिली नाही. छापून आलेलं आपलं पुस्तक मी कधीच उघडत नसे. उघडलं की पहिल्याच पानावर छपाईची चूक दिसते आणि दिवस वाया जातो. या सवयीचं फळ पुढे मिळालं.

कारखान्याच्या कामगार वाचनालयाच्या बाईंना मी हळदीकुंकवाला बोलावलं नाही. त्यांचा नवरा वर्कशॉपमध्ये टर्नर होता. त्या ग्रंथालयाचा कोर्स केलेल्या, तिशीच्या, कानावर पेन्सिल खोचून बसणाऱ्या. सगळी वसाहत त्यांना लायब्ररीबाई म्हणायची. पुस्तकांबद्दल माझं वसाहतीत बोलणं होई ते फक्त त्यांच्याशी. कादंबरी दिवाळीत आली तेव्हा लेखकाच्या पाच प्रतींतली एक मी त्यांच्या वाचनालयाला दिली होती, बाकीच्या चार परगावी नातेवाइकांकडे गेल्या. बाई बौद्ध. "त्यांच्यात हळदीकुंकू करत नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "बोलावलं तर उगाच अवघडायला होईल त्यांना." मला ते सोयीचं वाटलं आणि मी मान डोलावली. बाईंना विचारलं मात्र नाही.

हळदीकुंकू झालं. बायकांनी पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठ पाहिलं, "अगंबाई, तुम्हीच लिहिलंय?" म्हणाल्या, तिळगूळ घेतला आणि गेल्या. नंतर रथसप्तमीपर्यंत मी स्वतः पंधरा घरी हळदीकुंकवाला जाऊन आले. पुस्तकाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. विषय निघालाच तर बायका माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहायच्या आणि उसाच्या तोडीबद्दल बोलायला लागायच्या.

"कुकर," सासूबाई रोज एकदा म्हणायच्या. जास्त काही नाही, फक्त तेवढंच.

फेब्रुवारीत एके सकाळी पिठाच्या गिरणीत नंबर लावून उभी होते. शेजारी वसाहतीच्या गेटवरल्या वॉचमनची बायको आपला डबा घेऊन होती. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, येक इचारू का? राग नका येऊ देऊ."

"विचारा की."

"दारात कोन हुतं?"

"कुठल्या दारात?"

"तुमच्या बुकातल्या. आमच्या लेकीनं वाचून दावलं. ती पोरगी कडी काढती, अन् म्होरं काहीच न्हाई. पुस्तकच संपतंय. लई दिस झाले, जीव नुसता टांगणीला लागलाय. इंजनेर कां शेतकीवाला, येवढंच सांगा."

"अहो, लिहिलंय की पुढे. सोळा पानं आहेत अजून."

"न्हाईत वो. मी म्हनलं माझंच बुक फाटकं आलं आसंल. पर वाणाला नावं कशी ठेवायची? म्हून गप बसले."

मी दळण तिथंच ठेवून घरी आले आणि दिवाणाखालून एक प्रत ओढली. कादंबरी एकशे ब्याण्णव पानांची. छापखान्याच्या भाषेत सोळा-सोळा पानांचे बारा फॉर्म. बाइंडरने या गठ्ठ्यांतल्या प्रतींत अकरावा फॉर्म दोनदा लावला होता आणि बारावा लावलाच नव्हता. त्यामुळे जाडी बरोबर, पानं बरोबर एकशे ब्याण्णव, शेवट गायब. नायिका पावसाळी संध्याकाळी घरात एकटी असते, दारावर थाप पडते, ती उठते, कडी काढते. मग पुन्हा सोळा पानं मागे, पुन्हा तीच संध्याकाळ, पुन्हा तीच थाप, पुन्हा कडी. संपलं. मी एकेक करत साठही प्रती उघडल्या. सगळीकडे तेच.

त्या दुपारी मी दहा घरं फिरले. दहाही बायकांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं. नऊजणींना वाटलं होतं की आपलीच प्रत तेवढी खराब. आणि एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं, कारण वाणाला नावं ठेवायची नसतात. गाळणीला भोक असलं तरी ती घरात ठेवायची, ही आमच्याकडची रीत. चीफ इंजिनिअरच्या बायकोचं तर वेगळंच. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मुद्दामच केलंय तुम्ही. तिच्या मनात तेच तेच पुन्हा येतंय असं काहीतरी. हल्ली असं लिहितात ना? मी तर मिस्टरांना सांगितलं, ह्या बाई वाटल्या त्यापेक्षा फार खोल आहेत."

ही माझ्या लेखनाची आजवर झालेली सर्वांत मोठी स्तुती. श्रेय बाइंडरचं.

एकदा कुलूप उघडल्यावर मग वसाहत बोलायला लागली. कादंबरीत दोन पुरुष होते, एक इंजिनिअर आणि एक शेतकी अधिकारी. लिहिताना माझ्या डोक्यात काही नव्हतं, आजूबाजूला जे दिसत होते ते घेतले. पण कारखान्यात इंजिनिअरिंग आणि शेतकी या दोन खात्यांचं कधी पटत नसे. मशीन बंद पडलं की हे म्हणत ऊस खराब, ते म्हणत मशीन खराब. आठ दिवसांत बायकांची खात्याप्रमाणे वाटणी झाली. भाजीवाल्याच्या गाडीपाशी इंजिनिअरिंगवाल्या म्हणायच्या, "परदेशातून आला असणार, नोकरी सोडून." शेतकीवाल्या म्हणायच्या, "येतोय! मागच्या पानावर याच्या मोटारसायकलचा आवाज आलाय, नीट वाचा." लॅबवाले म्हणून आम्ही तटस्थ. नवरा कामावरून आला की म्हणायचा, "अगं सांगून टाक, कोणाचा तरी पगार थांबेल यापायी." मी सांगत नव्हते. शेवट वाचायचा असतो.

मी कारखान्याच्या गेटजवळच्या बूथवरून प्रकाशकांना फोन लावला. मला वाटलं, त्यांना आनंद होईल.

"बाइंडरकडून चूक झाली असेल," ते म्हणाले. "पण महिना झाला, मला एक तरी तक्रार आली का? याचा अर्थ शेवटापर्यंत कोणी पोचलंच नाही."

"चाळीस बायका पोचल्यात इथं."

"बाई, त्या तुमच्या शेजारणी. तुम्ही तिळगूळ दिलात, त्या गोड बोलल्या. शेजारीण म्हणजे वाचक नव्हे."

"मग वाचक कोण?"

"ज्याला तुमच्या घरी परत चहाला यायचं नसतं तो. मार्चअखेर लक्षात आहे ना?"

मी फोन ठेवला. ते चुकीचं बोलत नव्हते, म्हणून जास्त राग आला.

आधी पानं तरी पुरवायला हवी होती. शाळेला दिलेल्या पाच प्रती शिक्षकांबरोबर परगावी गेल्या होत्या. पुरी प्रत वसाहतीत एकच होती, वाचनालयात. ती पहिल्या खेपेतली. मी तडक तिकडे गेले. वर्तमानपत्रांच्या उतरत्या फळ्यांपाशी दोन निवृत्त फिटर उभ्याने वाचत होते. लायब्ररीबाईंनी मला पाहिलं आणि कानावरची पेन्सिल काढली.

"या ताई. वाटच बघत होते."

"माझ्या पुस्तकाची प्रत द्या जरा. श्रीरामपूरला जाऊन शेवटच्या पानांच्या झेरॉक्स काढून आणते."

"नाही मिळायची."

"अहो, मीच दिलेली आहे!"

"तुम्ही दिलीत, खरं आहे. आता तिच्यावर शिक्का आहे, दाखल क्रमांक आहे. परवा ती मी संदर्भ विभागात घेतली. तिथलं पुस्तक बाहेर जात नाही."

"प्रेमकथा? संदर्भ विभागात?"

"शब्दकोशाच्या शेजारी."

मी खुर्ची ओढून बसले. बाई हसत नव्हत्या. त्यांनी टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"हे बघा. पाच वर्षं झाली मला इथं. या खोलीत पेपर वाचायला बापे येतात आणि परीक्षेची गाइडं न्यायला पोरं येतात. बायका येत नाहीत. दारातून आत बघतात आणि पुढे जातात. गेल्या आठ दिवसांत सतरा बायका आल्या. वॉचमनच्या बायकोला मी सांगितलं, पुरी प्रत इथं आहे म्हणून. तिनं बाकीचं केलं. शेवट मात्र मी अजून कोणालाच वाचू दिलेला नाही. तुम्ही घरोघर झेरॉक्स वाटल्या तर सतराच्या सतरा उद्यापासून घरी बसतील."

"मग त्यांनी वाचायचं कधी? एक प्रत, चाळीस बायका."

"शनिवारी तीन वाजता. मी मोठ्यानं वाचते. यायचं, ऐकायचं, रजिस्टरला सही करायची. तुमचा प्रकाशक काय म्हणतो?"

मी सांगितलं. शेजारीण म्हणजे वाचक नव्हे, हेही सांगितलं. त्यांनी पेन्सिल कानावर परत खोचली.

"शेजारणीचं शेजारीण बघेल," त्या म्हणाल्या. "वाचनालयाच्या गोल शिक्क्याला तो काय म्हणतो बघू."

शनिवारी मी पावणेतीनलाच गेले आणि मागच्या बाजूला, पेपरांच्या फळीआड बसले. खोली भरली, मग सतरंज्या आणल्या. शेतकी डावीकडे, इंजिनिअरिंग उजवीकडे. कोणी तसं सांगितलं नव्हतं. वॉचमनची बायको पुढे, मांडीवर गहू निवडायचं ताट. शेवटी सासूबाई आल्या, गुडघ्यावर हात ठेवत.

"मी आपली सोबत म्हणून आले," त्या म्हणाल्या. त्यांच्या पिशवीत पुस्तकाची एक प्रत होती आणि एकशे शहात्तराव्या पानात केसांचा आकडा खुणेला घातलेला होता.

लायब्ररीबाईंचा आवाज चांगला होता, ठणठणीत, वर्तमानपत्र वाचल्यासारखा. "तिने कडी काढली," त्यांनी वाचलं आणि पान उलटलं. खोलीत गहू निवडायचा आवाजही थांबला. दारात शेतकी अधिकाऱ्याची आई उभी होती, हातात छत्री आणि मोटारसायकलवर मागे बसून पुरती भिजलेली. ती म्हणते, माझा मुलगा गेटापाशी उभा आहे, त्याला काही बोलता यायचं नाही, म्हणून मी आले.

"हात्तेच्या!" उजवीकडून कोणीतरी म्हणालं.

"म्हटलं नव्हतं मोटारसायकल?" डावीकडून.

"आईला पुढं करतो, असला कसला नवरा!"

"आणि तुमचा तिकडं आखातात बसलाय, पत्र सुद्धा नाही. तो कसला?"

"गप बसा गं," वॉचमनची बायको म्हणाली. "म्हातारी भिजलीय, तिला आधी आत घ्या."

बाई पुढे वाचत गेल्या. पहिली आठ पानं चिडीचूप ऐकली गेली. मग आई आत आली, चहा झाला, मुलगा आत आला, होकार झाला. आणि त्यानंतर मी आणखी आठ पानं लिहिली होती. त्यांत नायिका खिडकीतून पाऊस बघत आपल्या सगळ्या आयुष्याचा विचार करते. तिथं गहू निवडायचा आवाज पुन्हा सुरू झाला. दोघी-तिघी हळू आवाजात परीक्षांबद्दल बोलायला लागल्या. एकीने जांभई दिली, ती शेतकीतली होती. मी फळीआडून बघत होते. चार कादंबऱ्या लिहूनही मला कोणी सांगितलं नव्हतं ते त्या आठ पानांत कळलं. होकार झाला की उठावं.

मग रजिस्टर फिरलं. सही आणि एक ओळ अभिप्राय, असा बाईंनी रकाना आखला होता. "इंजिनिअरवर अन्याय." "शेवट योग्य." "चहात आलं हवं होतं." वॉचमनच्या बायकोला सही येत नव्हती, तिने अंगठा दिला आणि अभिप्राय तोंडी सांगितला, "म्हातारी लई आवडली, बिगर भिजता आणायची." सासूबाईंनी चष्मा लावून लिहिलं, "सासू चांगली दाखवली आहे." त्याच्या खाली एका तरुण सुनेने लिहिलं, "म्हणूनच ही कादंबरी आहे."

सगळ्या गेल्यावर मी सतरंज्या गोळा करू लागले.

"बाई," मी म्हटलं, "हळदीकुंकवाला मी तुम्हाला बोलावलं नाही. तुमच्यात करत नाहीत म्हणून..."

"करत नाहीच," त्या सतरंजीचं दुसरं टोक धरत म्हणाल्या. "पण बोलावलं असतं तर आले असते की. कुंकू लावून घेतलं नसतं, तेवढंच. तिळगूळ कोणाला नको असतो?"

"चुकलंच माझं."

"चुकलंच. पण बोलावलं असतं तर तुमच्याकडचं बिनशेपटाचं पुस्तक मलाही मिळालं असतं आणि ही प्रत मी कधी उघडून पाहिली नसती. धरा नीट, घडी तिरकी जातेय."

सोमवारी त्यांनी रजिस्टरच्या पानांच्या झेरॉक्स, प्रत्येक पानावर गोल शिक्का आणि वर वाचनालयाच्या लेटरहेडवर पत्र असं पुण्याला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पत्राची भाषा सरकारी होती. आपण पुरवलेल्या प्रतींत अखेरचा फॉर्म नसल्याने वाचकवर्गाची गैरसोय झाली आहे, त्याची दखल घ्यावी. तसेच सदर लेखिकेची पुढील कादंबरी केव्हा प्रसिद्ध होणार, याबाबत वाचक वारंवार विचारणा करीत आहेत, तरी उलट टपाली कळवावे.

मार्च संपायला चार दिवस होते तेव्हा पोस्टमन आला. मी व्हरांड्यात होते. तो पिशवीत हात घालून शोधत होता तेवढ्या वेळात मी ठरवलं, जाड पाकीट निघालं तर आधी जेवायचं आणि मग उघडायचं. निघालं पोस्टकार्ड.

पाचवी छापायला घेतो आहे, असं प्रकाशकांनी लिहिलं होतं. बाइंडर बदलला आहे. चौथीचे बारावे फॉर्म वेगळे पाठवतो. वसाहतीबाहेरच्या दोन वाचनालयांनीही त्यांना पत्रं पाठवून तेच विचारलं होतं, म्हणजे लायब्ररीबाईंनी आपल्या कोर्समधल्या मैत्रिणींनाही कामाला लावलं होतं. हे त्या मला बोलल्या नव्हत्या. कार्डाच्या कडेला, जागा उरली होती तिथं, बारीक अक्षरात प्रकाशकांनी एक सूचना केली होती. पाचवीचाही शेवटचा फॉर्म मुद्दाम मागे ठेवता येईल का? चर्चा चांगली होते.

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. "नाही. मात्र शेवटची आठ पानं काढून टाका, कुठपासून ते खाली लिहिते आहे."

पाचवी पुढच्या पौषात आली. संक्रांतीच्या आधी मी आणि सासूबाई दिवाणावर बसलो आणि पन्नासच्या पन्नास प्रती उघडून शेवटचं पान पाहिलं. त्या तांदूळ निवडल्यासारखं प्रत्येक पुस्तक उजेडात धरायच्या. "ही बरी आहे. हीपण बरी आहे." छपाईच्या अकरा चुका दिसल्या. दिवस वाया गेला नाही.

हळदीकुंकवाला लायब्ररीबाई आल्या. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा उचलला, बाईंनी नमस्कार केला, सासूबाईंनी करंडा खाली ठेवला आणि तिळगुळाची वाटी पुढे केली. एवढंच झालं. कोणी अवघडलं नाही. बाईंनी दोन लाडू घेतले.

मग मी वाण म्हणून पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही. सरळ मागून उघडलं, शेवटचा फॉर्म आहे का ते बोटाने चाळून बघितलं, शेवटच्या पानावर नजर फिरवली आणि मान हलवली. त्यांचं पाहून वॉचमनच्या बायकोने आपली प्रत मागून उघडली आणि शेजारणीला धरायला लावून म्हणाली, "वाचून दावा." मग चीफ इंजिनिअरच्या बायकोने. मग सगळ्यांनीच. वर्षभर मी जो शेवट सांभाळून ठेवला होता, तो चाळीस बायकांनी माझ्याच घरात, माझ्यासमोर, पहिल्या पानाआधी वाचून टाकला.

मी तिळगुळाची वाटी हातात घेऊन उभी होते. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. नावं मात्र कोणी ठेवली नाहीत.

वाण होतं ना.